चौथ्या खुर्चीवरचा बिपिन

माझ्या भावाचं दुकान एका मेलेल्या गिऱ्हाइकाने बुडवलं.

आज भटूदादाला जाऊन वर्ष झालं. आता सांगते.

नव्वदचं दशक संपत आलेलं. सुरतला कतारगाममध्ये दादाचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. बारा वर्षं कापडाच्या लूमवर उभं राहून साठवलेल्या पैशातलं.
दुपारी मी गल्ल्यावर बसायचे.

टीव्हीला जोडलेले दोन गेम, एकट्याने खेळायचे. बरे चालायचे. पहिला भाग संपवलेले लोक दुसरा मागायला लागले.

माल देणारा व्यापारी म्हणाला, "पार्ट टू लई जाओ, भाई. एक माणस आवे, एक माणस रमे. पैसा सेफ." एकटा आला तरी एकटा खेळतो, असा त्याचा हिशोब.

दादाने ऐकलं नाही. होतं नव्हतं ते घालून चार जुने कॉम्प्युटर आणले, वायरने एकमेकांना जोडले. चौघांचा गेम. अंधाऱ्या किल्ल्यात एकमेकांना शोधून गोळ्या घालायच्या.

"आणि एकच जण आला तर?" मी विचारलं.
"बाकीचे येतीन ना, सुनी."

नाही आले.
कुणी एकटा यायचा, रिकाम्या खुर्च्या बघायचा, निघून जायचा. शेजारच्या गल्लीत मात्र पार्ट टूसाठी लाईन.

फक्त बिपिन रोज यायचा. ओडिशाचा. इच्छापोरला एका कारखान्यात कंत्राटावर रात्रपाळी करायचा, झोप काढून दुपारी दोनला हजर. चौथ्या कॉम्प्युटरवर बसायचा. समोर कोणी नाही म्हणून दादाच त्याच्याशी खेळायचा.

"कोई और आएगा क्या, भटूभाई?"
"आएगा, आएगा."

मग चार दिवस बिपिन आलाच नाही.

पाचव्या दुपारी दादा एकटाच खेळत होता. पडद्यावर, खेळणाऱ्यांच्या यादीत, दुसरं नाव आलं.
बिपिन.

मी चौथ्या खुर्चीकडे पाहिलं. रिकामी. माऊस जागच्या जागी.

पडद्यावर त्याचा माणूस चालत दादाच्या माणसासमोर आला. गोळी नाही झाडली. नुसता उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दादा त्याच्या खोलीवर चौकशीला गेला. रूम पार्टनर म्हणाला, "हजीरा रोड पे टेम्पो ने उड़ा दिया. पाँच दिन हो गए."

त्याच आठवड्यात व्यापारी आला. चारही मशीन अर्ध्या किमतीत घेतो, वर पार्ट टू देतो म्हणाला. दुकान वाचलं असतं.

दादा नाही म्हणाला.

मी खूप भांडले. तो शांतपणे म्हणाला, "तो मझार शे, सुनी."
आत आहे.
"तेले एकला कसा सोडू?"

तीन महिने. रोज दोनला दादा त्या पडद्यापुढे. भाडं थकलं. वहिनी पोरांना घेऊन नंदुरबारला निघून गेल्या.

एक दिवस दादा कॉम्प्युटर चालू ठेवून जेवायला गेला, तेव्हा मी मेन स्विच बंद केला आणि व्यापाऱ्याला फोन लावला. मशीन भंगाराच्या भावात गेली.

दादा परत लूमवर गेला. वहिनी परत आल्या. माझ्यावर तो कधी चिडला नाही. एकदाच विचारलं, "बंद करतांना कोनी व्हतं का?"

"कोनीच नव्हतं."

खोटं बोलले, दादा.

तो होता. स्विचकडे हात नेला तेव्हा त्याचा माणूस वळला. पडद्यातून सरळ माझ्याकडे तोंड करून उभा राहिला.
तरी मी बटण दाबलं.

वहिनी आणि तुझी पोरं घरी यावीत म्हणून दाबलं. पण दाबलं.

माफ कर मला. सुखाने जा, दादा.

तुझी सुनी