उलट्या खिशाचा कोट

अमळनेर तालुक्यात गेल्या सहा-सात वर्षांत ज्याचा म्हणून वाढदिवस झाला, त्याने नवलचा कोट घातलेला आहे. अंगावर नव्हे, फ्लेक्सवर. एसटी स्टँडच्या पलीकडच्या गाळ्यात नवलचं बॅनरचं दुकान आहे आणि दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये 'कोट' नावाचं एक फोल्डर. त्यात बेचाळीस कोट. निळे, काळे, राखाडी, एक मखमली, एक चौकड्यांचा. शेजारच्या फोल्डरांत शेरवान्या, फेटे, गॉगल आणि बायांसाठी पैठण्या नि हार. गिऱ्हाइकाने नुसती मान आणायची, मानेखालचं सगळं नवल पुरवतो.

लोटन आबांचंच घ्या. सत्तर वर्षं बंडी-धोतराशिवाय दुसरं काही अंगाला लागलं नाही. नातवांनी वाढदिवसाचा बॅनर सांगितला, तर नवलने आबांना निळा सूट आणि लाल टाय चढवून चौकात उभं केलं. आबा बराच वेळ त्या बॅनरपुढे उभे होते. मग म्हणाले, "मुंडकं मनं शे, पन खाले हाऊ कोन सायेब शे?" हसले सगळे. पण दुसऱ्या वर्षी आबा स्वतः दुकानात आले, स्टुलावर ऐसपैस बसले आणि बजावलं, "मांगला वरीसना नको. तो काखमा काचत व्हता."

गावाला असं नटवणारा नवल स्वतः मात्र दोन शर्टांत वर्ष काढायचा, आणि त्या दोन्हींवर छपाईच्या शाईचे डाग. जन्मात कोट घातला नव्हता. खानदेशात उन्हाळ्यात कोट घालणारा माणूस एक तर नवरदेव असतो, नाहीतर त्याचं डोकं तपासून घ्यावं लागतं. नवलचं डोकं ठीक होतं आणि नवरदेव त्याला कुणी करत नव्हतं. वय एकतीस. अकरा स्थळांनी नाही म्हटलेलं. कुणाला सरकारी नोकरी हवी, कुणाला पुणं हवं. ज्यांचे लग्नाचे बायोडाटे नवलने सजवून दिले, ती पोरं आता आपल्या लेकरांच्या पहिल्या वाढदिवसाचे बॅनर सांगायला येत होती. त्याची आई, भिकुबाई, त्या लेकरांना कडेवर घ्यायची आणि नवलकडे बघायची. ते बघणं नवलला अकरा नकारांपेक्षा जड जायचं.

शेवटी त्याने स्वतःचा बायोडाटा करायला घेतला. फोल्डरातून वाइन रंगाचा कोट काढला. आता गंमत अशी, की नवलच्या फोटोत मान एका बाजूला वळलेली आणि कोटवाल्याचे खांदे दुसऱ्या बाजूला. त्याने एक बटण दाबून कोट आरशातल्यासारखा उलटा केला, मानेला जोडला, चेहरा थोडा उजळला आणि स्थळं बघणाऱ्या मामांकडे पाठवून दिला.

आणि धुळ्याहून होकार आला! पूर्ण नव्हे, पण 'येऊन जा' असा. मुलीचं नाव भूमिका. तिचा बायोडाटा फोनवर आला आणि नवल कामातून गेला. दोन बॅनरांच्या मध्ये फोटो बघायचा, जेवताना बघायचा. एका लग्नाच्या बॅनरवर त्याने नवरदेवाचा फेटा सासऱ्याच्या डोक्यावर बसवला, तोही याच दिवसांत. ही नाही म्हणाली तर बारावा नकार आपल्याला सोसणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं.

तेवढ्यात मामांचा फोन. "मुलीने एक निरोप दिलाय. फोटोतला कोट घालून या म्हणावं."

"धुवाले टाकेल शे, सांगी दे," भिकुबाईंनी सुचवलं. पण कोट नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, आणखी काय काय नाही? नवलने फोटोची मोठी प्रिंट काढली, वाइन रंगाचं कापड आणलं आणि भाईदास टेलरचं दुकान गाठलं.

भाईदासची चाळीस वर्षं पायजमे आणि शाळेचे गणवेश शिवण्यात गेलेली. त्याने चष्मा वर करून प्रिंट न्याहाळली. "नवल, याना खिसा तं..."

"फोटोमा जसा शे तसाच शिव भाऊ. एक टाका इकडना तिकडे नको!"

भाईदासने चष्मा पुन्हा नाकावर घेतला. नवी फॅशन असेल, आपल्याला काय! त्याने टाक्याला टाका मिळवून तसाच कोट शिवला. नवलने घालून आरशात पाहिलं. अगदी कॉम्प्युटरमधल्या कोटांसारखा दिसत होता. दिसणारच. उलट्याला आरशाने पुन्हा उलटवलं होतं, आणि बेचाळीस कोटांच्या मालकाने आयुष्यात कोटाचं एक बटण लावलेलं नव्हतं.

एप्रिलमधल्या दुपारी, त्रेचाळीस डिग्रीत, तो कोट चढवून नवल एसटीने धुळ्याला निघाला. कंडक्टरने तिकीट देताना दोनदा वर-खाली पाहिलं. भिकुबाई वाटभर पदराने त्याला वारा घालत होत्या.

भूमिकाच्या घरी तिचे वडील अमृतभाऊ, काका आणि पंख्याखालची एकच खुर्ची. पोहे झाले, चहा आला. भूमिकाने चहा ठेवताना नवलच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, कोटाकडे पाहिलं. नवलला वाटलं, जमलं! मग मोठ्या माणसांनी दोघांना बोलायला मागच्या ओट्यावर पाठवलं.

"कोट कुणी शिवला?" तिने विचारलं.

"आमच्या भाईदास टेलरने."

"छातीवरचा खिसा उजवीकडे आहे. आणि बटणं बायकांच्या कपड्यांसारखी."

नवलने पहिल्यांदा मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं. भूमिकाने फॅशन डिझाइनचा दोन वर्षांचा कोर्स केला होता, तिचं स्वतःचं शिवणाचं दुकान होतं. हे तिच्या बायोडाटात लिहिलेलं होतं, पण नवलची नजर फोटोवरून खाली उतरली असती तर ना.

"फोटो बघितला तेव्हाच कळलं, दुसऱ्याचा कोट उलटवून लावलाय," ती म्हणाली. "म्हणून निरोप दिला. म्हटलं, एक तर खरं सांगतील, नाहीतर कुणाचा तरी सरळ कोट मागून आणतील. तुम्ही तर उलटाच शिवून आणला!"

ही नवी फॅशन आहे, असं म्हणता आलं असतं. बॅनरवाल्याला थाप मारायला किती वेळ लागतो? पण घामाने नवलच्या डोळ्यांत चुरचुरत होतं आणि खोटं सुचेना.

"तो कोट माझा नव्हता. हा आहे. तसे बेचाळीस आहेत, कॉम्प्युटरमध्ये. घरात एकही नाही."

"चेहरा तरी तुमचाच ना?"

"माझाच. थोडा उजळ केलाय."

"ते दिसतंय." ती हसली नाही. "आता माझ्या फोटोतलं खोटं काय ते सांगा. तुमचा तर रोजचा धंदा आहे."

नवलने डोळे मिटले. फोटो सगळा पाठ होता. भुवया, हनुवटीवरची बारीकशी खळी, डाव्या कानापाशी सुटलेली एक बट. "काहीच खोटं नव्हतं," तो म्हणाला.

"आणि हार?"

"कुठला हार?"

"गळ्यात पाच पदरांचा हार होता! काकांनी स्टुडिओत चिकटवून घेतला. एक बाजू तर मानेपासून सुटून हवेत लोंबत होती. तुम्ही दिवसाला दहा हार लावता, आणि तुम्हाला दिसला नाही?"

नवलने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही दिसला. मी हारापर्यंत गेलोच नाही."

हे वाक्य त्याने घरून पाठ करून आणलेलं नव्हतं. म्हणून तर ते इतकं नीट आलं. भूमिकाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"काढा तो कोट," ती मग म्हणाली. "चक्कर येईल अशाने."

नवल घुटमळला, कारण आतल्या शर्टाच्या बाहीवर शाईचा भलामोठा डाग होता. पण काढला. तिने डाग पाहिला आणि कोट आतून उलटा करून शिवण तपासली. "हात चांगला आहे तुमच्या टेलरचा. काजं कापलीत, ती आता सरळ होणार नाहीत. खिसा मात्र काढून डावीकडे बसवता येईल. राहू द्या माझ्याकडे."

परतीच्या एसटीत नवल खिडकीशी बसला, शाईच्या शर्टात, संध्याकाळच्या वाऱ्याला. भिकुबाईंच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

"कोट कोठे शे रे? इसरना का?"

"नही माय. तिनी ठेवी लिधा. खिसा नीट करस म्हने."

दोन गावं गेली. कंडक्टर तिकिटं फाडून पुढे गेला. मग भिकुबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "मंग त्या भाईदासले सांगी दे. लगीनना कोट तू नको शिवू म्हना. शिवनारी घरमाच येई ऱ्हायनी."