मॅडमची रोजची अँबेसेडर

कोणी गाडीचं कौतुक केलं, की मॅडम किल्ली मुठीत धरायच्या आणि म्हणायच्या, "पळते सगळ्यांचीच. थांबते का, ते विचारा."

कौतुक करणारेही रोज भेटायचे. पन्नाशीला आलेली गणिताची एक शिक्षिका गोल नाकाची जुनी अँबेसेडर चालवत शाळेत निघाली आहे, हे दृश्य जालन्याच्या रस्त्यावर तुम्हालाही दिसलं असतं, तर तुम्हीही वळून पाहिलं असतं.

आमची शाळा परतूरच्या रस्त्यावरच्या एका गावात. मी विज्ञान शिकवते. आम्ही दोघी सात वर्षं एकाच बसनं गेलो. एका सकाळी बसमध्येच त्या म्हणाल्या, "मी गाडी घेणार आहे. जुनी अँबेसेडर."

"कधीमधी फिरायला?"

"नाही. रोजच्याला."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

त्यांचे वडील, सगळ्यांचे अप्पा, जालन्यातल्या एका सरकारी कार्यालयात ड्रायव्हर होते. साहेबांची पांढरी अँबेसेडर त्यांनी नोकरीभर चालवली. संध्याकाळी ती कार्यालयात लावायची, किल्ली जमा करायची आणि घरी पायी यायचं. मॅडम लहानपणी तापानं फणफणल्या, तेव्हाही अप्पांनी त्यांना खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. गाडी दारासमोरच्या रस्त्यानं रोज जायची, पण घरातल्या कोणाचा तिला कधी हात लागला नाही.

"राग नाही आला?" मी विचारलं होतं.

"तेव्हा आला. आता सगळ्यांना अभिमानानं सांगते."

पण एवढ्यावरच गाडी घेणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. नव्या गाड्यांत बसायचं म्हणजे त्यांना वाकून, अंग चोरून आत शिरावं लागे. "अँबेसेडरचं मागचं सीट खुर्चीएवढं उंच आहे. मी टेपनं मोजलंय," मॅडम म्हणाल्या.

गाडी शोधायला निघताना त्यांनी माझ्या प्रयोगशाळेतून एक लोहचुंबक मागून घेतलं. फडक्यात गुंडाळून पर्समध्ये टाकलं.

पहिली गाडी लालभडक होती, आरशासारखी चमकणारी. मी तर तिच्या प्रेमातच पडले. मॅडमनी दाराच्या खालच्या कडेला चुंबक लावलं. ते घसरून खाली पडलं. दुसरीकडे लावलं, तिथंही पडलं. मालकाला त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, इथं पत्राच नाही. नुसती लांबी-पुट्टी भरून रंग दिलाय." दुसऱ्या गाडीचं इंजिन बदललेलं होतं आणि कागदावर नंबर जुन्याच इंजिनाचा होता. मॅडम तिच्यात बसल्यासुद्धा नाहीत.

तिसरी आष्टीत सापडली. एका आडत व्यापाऱ्याच्या शेडमध्ये, टपावर रिकामी पोती, रंग विटून राखेसारखा झालेला. मॅडम जमिनीवर अक्षरशः आडव्या झाल्या आणि खालून चुंबक फिरवत राहिल्या. ते जागोजाग खटखट चिकटत होतं. कागदपत्रं पहिल्यापासून एकाच मालकाच्या नावावर होती.

"हिचं काय करणार बाई?" त्या म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं विचारलं.

"रोज चालवणार."

त्यानं पोती स्वतःच्या हातानं उतरवली.

गाडी दुरुस्तीला दिली, त्या जुन्या जालन्यातल्या गॅरेजवाल्या मिस्त्रींचा उत्साह मात्र वेगळाच होता. "मॅडम, बिलकुल नवरी बना देंगे. चकाचक कलर, बडा म्युझिक सिस्टिम, अलॉय व्हील."

"आधी ब्रेक," मॅडम म्हणाल्या.

"कलर तो बोलो."

"ब्रेक झाल्यावर."

मिस्त्रींनी याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलचे डिस्क ब्रेक शोधून आणले. मग पुढं-मागं सगळीकडे सीटबेल्ट आले. बॅटरी भरणारा जुना डायनॅमो काढून नवा अल्टरनेटर बसवला, उन्हाळ्यात इंजिन तापू नये म्हणून विजेवरचा पंखा, दिव्यांना नवं वायरिंग. इंजिन तेच ठेवलं, फक्त उघडून नीट केलं. चार महिने दर रविवारी मॅडम गॅरेजमध्ये स्टुलावर बसून पेपर तपासत आणि मधून मधून उठून गाडीखाली डोकावत. शेवटी शेवटी मिस्त्रीच त्यांना विचारायला लागले, "मॅडम, ये बराबर है ना?" परिवहन कार्यालयातून तपासणी होऊन नवे कागद हातात पडले, तेव्हा रंगाची पाळी आली. मॅडमनी पांढराच निवडला.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. शाळेला निघालो होतो. एका वळणानंतर रस्ताभर शेळ्या आडव्या आल्या. मी डोळे मिटून घेतले. उघडले, तेव्हा गाडी सरळ रेषेत उभी होती आणि पहिली शेळी बंपरपासून हातभर लांब. मॅडमनी पदरानं कपाळ पुसलं, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि कळप जाऊ दिला. मग म्हणाल्या, "मिस्त्रींना पेढे द्यावे लागतील." आम्ही त्या संध्याकाळी खरंच दिले.

पुढं लग्नाच्या वरातीसाठी गाडी मागायला लोक यायचे. हॉटेलसमोर शोभेला ठेवायला एकानं विकत मागितली. मॅडम प्रत्येकाला चहा पाजून परत पाठवायच्या. "सोमवारी मला शाळा आहे," एवढंच कारण.

पण मला आठवतो तो नोव्हेंबरमधला दिवस. अप्पांना हयातीचा दाखला द्यायला जायचं होतं, आणि जाता जाता त्यांना आपलं जुनं कार्यालय पाहायचं होतं. मी पुढच्या सीटवर होते. अप्पा काठी टेकत आले आणि माझ्याच दाराशी उभे राहिले.

"अप्पा, मागं बसा," मॅडम म्हणाल्या.

"मागं मी कदी बसलो न्हाई, माय."

"म्हणूनच."

मी उतरले आणि मागचं दार उघडलं. अप्पांनी आधी चपला झटकल्या, मग न वाकता, ताठ मानेनं आत बसले.  रस्त्यात एकदा म्हणाले, "क्लच बराबर दाबून राह्यली. कुठं शिकली?"

"तुम्ही चालवताना रस्त्याच्या कडेनं बघून."

अप्पा खिडकीबाहेर पाहत राहिले.

कार्यालयाच्या फाटकावर नवा पहारेकरी होता. पांढरी अँबेसेडर पाहताच त्यानं घाईनं फाटक उघडलं आणि सलाम ठोकला. अप्पांनी मागच्या काचेतून वळून पाहिलं, कोण साहेब आले म्हणून. मागं कोणीच नव्हतं. तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी सदरा नीट केला आणि हात सावकाश कपाळापर्यंत नेला.

मॅडमनी पोर्चमध्ये गाडी उभी केली, तरी ते उतरेनात.

"अप्पा, आलं ऑफिस."

"ठाव हाये. बसू दे जराशी."

मॅडम समोर पाहत बसून राहिल्या. इंजिन चालूच होतं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती, अगदी अप्पांसारखी.

यंदा मॅडमना मुख्याध्यापिकेची बढती मिळाली आणि त्या भोकरदन तालुक्यात गेल्या. मी पुन्हा बसनं जाते. निरोपाच्या दिवशी मला दहावीचा जादा तास होता, म्हणून त्या एकट्याच निघाल्या. आम्ही सगळे शाळेच्या फाटकात उभे होतो. दुपारची वेळ, रस्त्यावर मागं-पुढं एक माणूस नव्हता. तरी डांबरी रस्त्याला लागण्याआधी मॅडमनी उजवीकडे वळण्याचा दिवा लावला. तो तीनदा लुकलुकला, गाडी वळली आणि जालन्याच्या दिशेनं सरळ निघून गेली.