तोंडाचा वास

मुकादमाने पेटी माझ्या पायाशी ओतली. गवत पसरलं. वरच्या थरातच काळ्या डागाचे आंबे.

"हे कोणी भरले?"

मी भरले होते. मला डाग दिसले नव्हते. काही दिवसांपासून डाव्या डोळ्यापुढे काजळीचे धागे तरंगत होते. तेच सांगायला मी तोंड उघडलं. मालक पुढे आले. म्हणाले, "उघडलंच आहेस तर फुंकर मार."

रत्नागिरीजवळच्या त्या बागेत हा रोजचा रिवाज होता. सकाळी शेडच्या दारात आम्हा कातकऱ्यांनी मुकादमाच्या तोंडावर फुंकर मारायची. दारूचा वास नसला तर आत. गावातल्या बाया सरळ आत जायच्या. आम्ही मंडणगडहून हंगामाला आलेले, आम्ही रांगेत. मी सतरा वर्षांची होते. दारू कधी चाखली नव्हती.

मी फुंकर मारली. मालकांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"वास नाय. पण डोळे बघा हिचे. अढीतला हापूस हिच्या डोळ्यांत पिकलाय."

शेड हसली. माझी आयसुद्धा हसली. मालक हसले की आपण हसायचं, हे तिला तिच्या आयने शिकवलेलं.

पिवळे डोळे मला लहानपणापासूनचे. सिकलसेल. आश्रमशाळेत रक्त तपासलं तेव्हा कळलं. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, फुटतात. म्हणून डोळे पिवळे, म्हणून हाडं ठणकतात. गोळ्या घे, पाणी भरपूर पी, एवढंच सांगितलेलं. हा आजार डोळ्याच्या आत शिरतो, हे कोणी सांगितलं नव्हतं.

आयला वाटलं, कावीळ चढली. तिने मला भगताकडे नेलं. त्याने मनगटावर तापल्या सळईचा डाग दिला. तसंच मनगट घेऊन मी पेट्या भरत राहिले. मग एका सकाळी डाव्या डोळ्यापुढे तांबडं पाणी उतरलं. दुपारपर्यंत सगळं काळं. दुखलं अजिबात नाही. दुखलं असतं तर निदान मी ओरडले असते.

आय मला शहरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी आमच्या कपड्यांकडे बघितलं, माझ्या डोळ्यांकडे बघितलं.

"कातकरी ना? घेते का ही?"

त्यांनी वास मागितला नव्हता. आयनेच मला कोपर मारलं. "फुंकर मार गो. सायबांना दाखव. त्यात काय जातंय आपलं?"

काय जातंय ते मला त्या क्षणी दिसलं. एका डोळ्याने, पण लख्ख. कोणी न मागता माझी आय माझं तोंड पुढे करत होती.

मी ओठ मिटले. मग म्हणाले, "फुंकर मारणार नाही. मला सिकल आहे. डोळा बघा."

आय घाबरून दाराकडे सरकली. डॉक्टरांनी थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसवलं, दिवा लावून बघितलं. बराच वेळ बघितलं. डोळ्यातल्या पडद्याच्या कडेला बारीक रक्तवाहिन्या असतात. त्या वाकड्या पेशींनी बुजतात. रक्त पोचत नाही म्हणून तिथे नव्या फुटतात, पण कच्च्या. त्या फाटतात, आत रक्त सांडतं, पडदा ओढला जाऊन सुटतो. माझा डावा सुटला होता.

"उजव्यातही सुरुवात आहे," ते म्हणाले. "तो लेसरने वाचेल. पण काजळी दिसली तेव्हाच का आली नाहीस?"

"तेव्हा मी फुंकर मारत होते."

उजवा वाचला. डाव्याचं मुंबईला ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. आय मरेपर्यंत म्हणत राहिली, भगताने डाग जरा खोल द्यायला हवा होता. मी तिच्याशी कधी भांडले नाही. तिला रागवायलासुद्धा कोणी शिकवलं नव्हतं.

आता मी वाड्यावाड्यांत पत्रकं वाटते. वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवते. सिकलवाल्या प्रत्येक पोराचा डोळा थेंब घालून तपासा. दरवर्षी तपासा. नीट दिसतंय तेव्हाच तपासा, कारण दिसेनासं होतं तेव्हा पडदा सुटलेला असतो.

आणि हंगाम लागला की मी त्या शेडच्या दारात उभी राहणार आहे. यंदा माझी धाकटी बहीण त्या रांगेत असेल. तिचेही डोळे पिवळे आहेत. ती फुंकर मारणार नाही. तिच्यामागचं कोणीच मारणार नाही. मालकांना पेट्या भरून हव्या असतील तर आम्हाला मिटल्या तोंडाने आत सोडावं लागेल. नाहीतर त्यांचा हापूस अढीतच सडेल.