नाकवाल्यांचं नाक

हॉटेलात त्यांना सगळे नाकवाले म्हणत. तळघरातल्या चारशे बाटल्या त्यांच्या ताब्यात होत्या. कोणती वाइन अजून पाच वर्षं मुरू द्यायची आणि कोणती यंदाच उघडायची, हे ते ठरवत. बूच ओलं राहावं म्हणून बाटली आडवी ठेवायची आणि गाळ तळाला बसावा म्हणून उघडण्याच्या आदल्या दिवशी उभी करायची, एवढी साधी गोष्टही ते नव्या वेटरांना अशा थाटात सांगत, की हा शोध यांनीच लावलाय असं ऐकणाऱ्याला वाटावं. अधूनमधून त्यांनाही तसं वाटे.

पंचवीस वर्षं असं चाललं. मग एका साध्या तापात त्यांचं नाक गेलं. म्हणजे होतं जागेवरच, चांगलं मोठंही होतं, पण त्याला वास येईना. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले. चार महिने झाले, आला नाही. उत्तमातली उत्तम फ्रेंच रेड वाइन तोंडात घेतली तरी त्यांना ती नुसती आंबट, तुरट आणि ओली लागे.

शहाण्या माणसाने मॅनेजरला सांगितलं असतं. नाकवाल्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. ते पूर्वीसारखाच पेला फिरवत, डोळे मिटत आणि आठवणीतून बोलत: काळी द्राक्षं, देवदाराचं लाकूड, जुनं चामडं. पाहुणे माना डोलावत. इतकी वर्षं आपण नाकाच्या जोरावर नव्हे, तोंडाच्या जोरावर टिकलोय की काय, अशी शंका त्यांना तेव्हा पहिल्यांदा आली. ती त्यांनी वाइनच्याच घोटाबरोबर गिळून टाकली.

एके दुपारी एक मुख्याध्यापिका बाई मुलीला घेऊन जेवायला आल्या. त्यांनी बावीस वर्षांपूर्वीची बोर्दो ही फ्रेंच रेड वाइन मागवली. मुलीच्या जन्माच्या वर्षाची. नाकवाल्यांनी बाजूच्या टेबलावर बूच अलगद काढलं. बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती धरून, गाळाची पहिली रेघ दिसेपर्यंत वाइन काचेच्या सुरईत ओतली. हात अजून पक्का होता. घोटभर चाखून त्यांनी ती अप्रतिम असल्याचं जाहीर केलं. बाईंनीही चाखली, किंचित थबकल्या आणि छान म्हणाल्या.

पेले धुणाऱ्या मावशी तेवढ्यात पुसलेले पेले घेऊन आल्या होत्या. सुरईजवळ वाकून त्या हळूच म्हणाल्या, "दादा, हिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय."

 बुचामुळे बिघडलेल्या वाइनची हीच खूण नाकवाल्यांनी आजवर कित्येकांना शिकवली होती. क्षणभर त्यांना वाटलं, बाई छान म्हणाल्यात, कशाला उकरा? पण बाई पेला उचलून मुलीला द्यायला निघाल्या, तसे ते पुढे झाले आणि वाइन बिघडल्याचं, आपल्याला चार महिने वास येत नसल्याचं, सगळं एका दमात सांगून मोकळे झाले.

बाई म्हणाल्या, "वास मलाही आला होता. पण तुम्ही अप्रतिम म्हणालात, म्हटलं आपल्यालाच कळत नसेल."

दुसरी बाटली उघडली, ती मावशींच्या नाकाखाली धरून. मावशींनी ती पास केली, तेव्हाच मायलेकींनी पेले उचलले.

घरी बायकोपुढे कबुली दिली, तर ती शांतपणे म्हणाली, "मला कधीच कळलं होतं. शेजारी गॅसवर दूध करपत होतं आणि तुम्ही पेपर वाचत होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही भाजीचा वास घेऊन रोज छान म्हणायला लागला होतात. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच."

मॅनेजर आठवडाभर घुश्शात होता. मग त्याने मावशींना तळघरात घेतलं. पेले आता दुसऱ्या कोणीतरी धुवायचे, ही अट मावशींनी आधीच घातली. त्या हुंगतात, जिभेवर घेतात, थुंकतात. नाकवाले बाटल्यांची वर्षं सांगतात, ओततात आणि विचारल्याशिवाय मत देत नाहीत. हे शेवटचं त्यांना सगळ्यात जड गेलं.

परवा त्यांना पहिल्यांदा वास आला. जिन्यावरच्या फिनाइलचा. तिथेच उभं राहून त्यांनी डोळे मिटून तो दोनदा घेतला.