यांचं हसरं तोंड

मला बघायला आले तेव्हा हे पूर्ण वेळ हसत होते. पोहे खाताना हसत होते, माझ्या वडिलांनी शेतीचं विचारलं तेव्हा हसत होते, काकांनी आजोबांच्या आजारपणाची अख्खी हकिकत ऐकवली तेव्हाही हसत होते. मला वाटलं, माणूस आनंदी आहे, सुखात ठेवील. मी होकार दिला. लग्नानंतर कळलं, की हे हसत नव्हतेच. वरचे दात पुढे होते आणि ओठ त्यांच्यावर पुरत नव्हता, एवढंच.

कळंबला आमचं बी-बियाणांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. दुकानदाराला असं तोंड म्हणजे भांडवलच. गिऱ्हाईक आलं, की त्याला वाटायचं आपल्याला बघून शेठ खूश झाला. हे खूश असोत की कपाशीच्या भावाने वैतागलेले असोत, समोरच्याला फरक कळायचा नाही. मला कळायचा. राग आला की यांचे कान लाल होतात.

मग बोंडअळीची वर्षं आली. वरून बोंड हिरवंगार, टवटवीत, आणि फोडलं की आत गुलाबी अळी आरामात बसलेली. लोक बोंडं आणून आमच्या काउंटरवर ओतायचे. अशातच एका दुपारी यांचा शाळेपासूनचा दोस्त आला. दोघं एका बाकावर बसलेले, एका डब्यात जेवलेले. हंगामात मी दुकानात बसते, तेव्हा मी समोरच होते. त्याने खिशातून चार बोंडं काढली, एकेक करून काउंटरच्या काचेवर फोडली आणि यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"माह्यं अख्खं वावर गेलं, अन् तू हासून काय राह्यला बे?"

दुकानात चार-पाच माणसं होती, सगळ्यांनी मान वळवून यांच्याकडे पाहिलं. यांनी ओठ मिटायचा प्रयत्न केला. तो मिटला नाही, उलट आणखीच हसल्यासारखं झालं. दोस्त बोंडं तिथेच टाकून निघून गेला आणि दुसऱ्या दुकानातून माल न्यायला लागला. परका कोणी बोलला असता तर हे विसरले असते. हे तोंड लहानपणापासून पाहिलेला माणूस असं बोलला, ते यांच्या फार जिव्हारी लागलं. त्यानंतर गिऱ्हाईक आलं की हे तोंडाला रुमाल लावायचे. मला ते बघवायचं नाही.

एक दिवस म्हणाले, "मी दात सरळ करून घेतो."

"या वयात? पोरीचं लग्न करायचं सोडून स्वतः नवरदेव व्हायचंय का?" मी म्हटलं. पण गेले मी सोबत. यवतमाळच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आमच्या पोरीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी तारेचं नाव काढताच यांनी मान हलवली. आधीच तोंड उघडं, त्यात तार चमकली तर दिवाळीच. मग बाई म्हणाल्या, "काका, पारदर्शक साचे करू. दातांवर बसवायचे, जेवताना काढायचे, ठरावीक दिवसांनी पुढचा साचा. कोणाला दिसणारही नाहीत." साच्यापेक्षा 'काका' यांना जास्त टोचलं. येताना बसमध्ये कान लाल होते.

साचे आले आणि आमच्या घरात राज्य त्यांचंच सुरू झालं. खाताना काढा, खाल्लं की घासा, पुन्हा घाला. सुरुवातीला यांच्या बोलण्यात शीळ वाजायची. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा विचारी, ते नीट ऐकू न आल्यामुळे की ती शीळ पुन्हा ऐकायची म्हणून, देव जाणे. पण माझ्या इतक्या वर्षांच्या भांडणाने सुटला नव्हता तो तंबाखू-सुपारीचा खर्रा आपसूक सुटला, कारण साचा रंगतो. त्या प्लॅस्टिकच्या तुकड्याचा मला हेवा वाटला.

अडचण फक्त चहाची होती. आमच्याकडे दुकानात माणूस आला की चहा येतो, आणि तो नाकारला की माणूस दुखावतो. मग हे भिंतीकडे तोंड करून साचा काढायचे आणि डबीत ठेवायचे. डबी सापडली नाही, तर हाताला लागेल त्यात.

पुढच्या हंगामात कामगंध सापळ्यांना फार मागणी आली. कपाशीत काठीला टांगायचा सापळा. त्यात बोंडअळीच्या मादी पाखराच्या, म्हणजे पतंगाच्या, वासाची गोळी लावली, की नर पाखरं येऊन अडकतात. गोळ्या चंदेरी पाकिटात येतात. त्या दिवशी यांनी चहासाठी साचा काढला, डबी घरी राहिलेली, म्हणून तो एका रिकाम्या पाकिटात सरकवून त्याचं तोंड दुमडलं. तेवढ्यात दारात तो दोस्त उभा. दुसरीकडे सापळे संपले होते, म्हणूनच आला होता. रस्त्याकडे बघत म्हणाला, "सापळे दे." हे इतके गडबडले, की ओठ दाबून धरत भराभर सापळे बांधले, काउंटरवरची पाकिटं वर टाकली आणि तो गेला. साचा संध्याकाळपर्यंत आम्ही कचऱ्यात शोधत होतो.

आठवड्याने दोस्त परत आला. पाकीट काचेवर आपटलं.

"बाकी सापळे भरले. ह्याच्यात एकबी पाखरू पडलं नाही. दरसाल कंपनी नवीन काही काढते, म्हनून मीबी लावलं. पन हे गोळी अशी दातावानी काहून हाय?"

पाकिटातून यांचा साचा निघाला, धुळीने माखलेला. मला हसू आवरेना. हे मात्र हसले नाहीत. कान लाल झाले होते, पण रागाने नव्हे. म्हणाले, "माह्या दाताचा साचा हाय तो. दात आत घेऊन राह्यलो."

"काहून?"

"तूच म्हनला होता ना, हासून काय राह्यला म्हून."

दोस्त खताच्या पोत्यावर बसला. साचा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"अबे, तुह्यं तोंड मले माहीत नाही का? त्या दिवशी मले कोनावर तरी ओरडाचं होतं. बँकेत ओरडलो असतो तं बाहेर काढलं असतं. तू घरचा होता."

माझे डोळे भरून आले. मग त्याने साचा उजेडात धरला. "पन एकबी पाखरू नाही फसलं बे तुह्या दाताले. एक वहिनी तेवढी फसली!"

तेव्हा हे हसले, अर्धवट सरळ झालेले सगळे दात दाखवून. मी चहा सांगितला. हे तोच साचा धुऊन पुन्हा घालायला निघाले होते, तो मी हिसकावून घेतला आणि नव्या साच्यासाठी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

आता दात सरळ आहेत, ओठ मिटतो. मिटलेल्या ओठांचे हे जरा करारी, ओळख नसलेले वाटतात. कपाशीचं एखादं वर्ष बरं जातं, एखादं नाही. दोस्त आला, की बोंडं चांगली असोत वा किडकी, ती काचेवर ठेवतो, यांच्या तोंडाकडे बघतो आणि म्हणतो, "हास बे." आणि हे हसतात.