साच्यातली पास्टी

मेर्ल ट्रेव्हास्किस ठसका लागणाऱ्या माणसाला भीत नसे. "जो ठसकतो तो अजून झगडतोय," ती म्हणे. "ज्याचा घास चुकीच्या वाटेनं जातो आणि तरी ठसका लागत नाही, त्याच्याजवळ जाऊन बसा." आमच्या वृद्धाश्रमात ती मुख्य स्वयंपाकीण. मी ऑड्री, अकरा वर्षं तिच्या हाताखाली भांडी घासत आणि बोलणी खात काढली.

नवीन माणसं कामाला आली की त्यांना भरवायला शिकवायचं काम मेर्लचं. कार्यालयातल्या लोकांना वाटतं, भिंतीवर तक्ता चिकटवला की माणसं शिकली. मेर्ल तक्त्याला भीक घालत नसे. दुपारच्या जेवणाला ती नवख्यांना जोडीजोडीनं बसवी, एकाचे हात पंच्यानं मागे बांधी आणि दुसऱ्याला त्याला भरवायला लावी. बोलायला बंदी. आधी गिळण्याचा त्रास असलेल्यांना देतात तसं, चमच्यावर थरथरत राहील इतकं दाट केलेलं पाणी, मग गाजराच्या आकारात वळलेला गाजराचा लगदा. पहिल्या चमच्याला सगळे दात काढत. तिसऱ्याला हसू थांबे, कारण पुढचा घास कधी येणार आणि केवढा येणार, यातलं काहीच आपल्या हातात नसतं. एक धिप्पाड गडी चौथ्या चमच्याला रडला होता.

"चमचा तिरका कर," ती सांगे. "सगळं एका गोळ्यानं पडलं तर ठीक. चिकटून बसलं तर घशातही मुक्काम करणार."

तिचा नवरा क्लॅरी खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचा. जन्मभर धक्क्यावर जहाजांत गहू भरणारा माणूस. सप्टेंबरात त्याला पक्षाघाताचा झटका आला, अर्धा चेहरा उतरला, गिळणं बिघडलं आणि बोलणंही बंद झालं. खऱ्या अन्नाचा एक तुकडा फुप्फुसात गेला असता तर तो संपला असता. हे मेर्लइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमच्या गावातली निम्मी घरं विलायतेतल्या कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांची. तांब्याच्या खाणी कधीच्या मिटल्या, पास्टी तेवढी उरली. करंजीसारखी दुमडलेली, आत मांस, बटाटा, कांदा. कडेची मुरड प्रत्येक घरची वेगळी. मेर्लनं स्वतः भाजलेल्या पास्टीवरून साचा करून घेतला आणि क्लॅरीसाठी त्यात लगद्याची पास्टी पाडू लागली. मांस वेगळं वाटायचं, बटाटा वेगळा, वर पिठाचा पापुद्रा म्हणून भिजवून वाटलेली पाव-बिस्किटं. कडेवर तिच्याच बोटांचे ठसे उमटत. दोन हातांवरून मलाही फरक कळत नसे. ती पास्टी ताटात पाहिली की माझ्या अंगावर काटा यायचा.

"मेर्ल, प्रेताला नटवल्यासारखं दिसतंय गं हे," मी एकदा म्हटलं.

"तू आपली भांडी घास."

मे महिन्यात गावचा कॉर्निश, म्हणजे कॉर्नवॉलवाल्यांचा, उत्सव असतो. त्या दिवशी सगळ्यांना खरी पास्टी होती, क्लॅरीला साच्यातली. मेर्ल जेवणघरात चार नवख्यांना शिकवत होती. भरवायला माणूस कमी पडला म्हणून ॲडलेड शहरातून ब्रॉन्विन नावाची बदली मुलगी आली होती. आदल्या दिवशी ती फक्त ताटं उचलायला होती, आणि क्लॅरीला पास्टी खाताना तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"आज कान उघडे ठेवा," मेर्ल नवख्यांना सांगत होती. "कोण खोकतोय ते नका ऐकू. कोण गप्प झालंय ते बघा."

चौघंही कान टवकारून टेबलांकडे पाहू लागले. चमच्यांचा आवाज तेवढा राहिला. स्वयंपाकघरात कढई खाली ठेवून मी मागे वळले आणि ओट्यावर झाकलेलं एक ताट दिसलं. झाकण काढलं. लगद्याची पास्टी, अख्खी, मेर्लच्या बोटांच्या ठशांसकट. म्हणजे क्लॅरीचं ताट इथंच राहिलं होतं. ते ताट मीच नेऊन द्यायचं होतं, आणि मी कढया घासत बसले होते. ते मला आजही विसरता येत नाही.

ताट हातात घेऊन मी बाहेर धावले. क्लॅरीला ब्रॉन्विन भरवत होती, आणि त्याच्यासमोरची थाळी रिकामी होती. कडेला खऱ्या पापुद्र्याचे कण. तो ताठ बसला होता, गालांवर रंग आलेला, इतक्या महिन्यांत इतका टवटवीत मी त्याला पाहिला नव्हता. एकदाही खोकला नव्हता.

मेर्लनं माझ्या हातातलं ताट पाहिलं, मग त्याची थाळी. ती पुढं झाली. त्याच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली.

"क्लॅरी, आ म्हण."

त्यानं आ म्हटलं. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा ओला होता, म्हणजे घास श्वासाच्या वाटेवर उतरला होता. हात बांधलेले दोघं नवखे खुर्च्यांवर तसेच बसून राहिले, त्यांना सोडवायचं कुणाला सुचलं नाही. नर्स धावली, नळीनं घसा साफ केला. संध्याकाळी ताप चढला. चौथ्या दिवशी क्लॅरी गेला.

चौकशी झाली. प्रत्येक ताटावर नावाची चिठ्ठी असते, ती ब्रॉन्विननं वाचली नव्हती हे खरंच, पण आदल्या दिवशीची साच्यातली पास्टी खरी समजून ती मेर्लच्या हातच्या कामाला फसली हेही खरं. मेर्लनं ते स्वतःच लिहून दिलं. तेव्हापासून साच्यातला पदार्थ स्वयंपाकघरातून निघताना काट्यानं मधोमध दाबला जातो. देखणेपण जातं, गेलं तर गेलं.

जूनमध्ये ब्रॉन्विन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"मिसेस ट्रेव्हास्किस, मी चौकशीत एक गोष्ट सांगितली नाही."

"बस आधी," मेर्ल म्हणाली. "ऑड्री, हिला चहा दे."

"पहिला घास खाऊन ते थांबले. मग माझ्याशी बोलले. ते बोलत नाहीत हे मला कुठं माहीत होतं? मला वाटलं, रोजच बोलत असतील."

मी किटली खाली ठेवली. मेर्लनं गॅस बंद केला.

"काय म्हणाला?"

"म्हणाले, आज खरी आहे. बायकोला सांगू नकोस. ती बिचारी रोज इतक्या मायेनं खोटी करते."

मला वाटलं, मेर्ल आता त्या पोरीला मारणार, किंवा कोसळणार.  आठ महिने ती रोज क्लॅरीच्या उशाशी बसून एकटीच बोलत आली होती.

"आवाज कसा होता?" तिनं विचारलं. "शेवटचा तो 'आ' नव्हे. हे बोलताना."

"साधाच. थोडा हसरा."

मेर्लनं खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली. "तो म्हणाला तसंच. सावकाश."

ब्रॉन्विननं म्हटलं. मेर्लनं डोळे मिटले आणि तिला ते आणखी एकदा म्हणायला लावलं.