रिकाम्या खुर्च्यांची फाईल

हिचं वर्षश्राद्ध उरकलं आणि दुसऱ्या दिवशी मी निमगाव सावा सोडलं. पोरानं गाडी दारात आणून लावली होती. किल्ली शेजारच्या किसनकडं दिली. तो म्हणाला, "आण्णा, शेरात जाऊन आमाला इसरू नका राव." मी म्हणालो, "तू घराकडं ध्यान ठेव, माझं मी बघतो." माझी आई म्हणायची, उपाशी माणसानं उंबरा ओलांडू नये. पण चूल थंड, वाढणार कोण? तसाच निघालो. संगं कपड्यांची पिशवी आणि पोरीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट. ही हलती-बोलती उरली ती तेवढीच, असं मी धरून चाललो होतो.

गावाकडं राहिलेले तुम्ही म्हणता, आण्णाचं झ्याक झालं, लिफ्टनं वर जातो, लिफ्टनं खाली येतो. माझ्यासारखे गाव सोडून आलेले काही म्हणत नाहीत, त्यांना ठाऊक आहे. भोसरीत पोरगा कंपनीत, सून ऑफिसात. सकाळी दार लागलं की दिवे लागेपर्यंत फ्लॅटमध्ये मी आणि फ्रीजची घरघर. गावात वाटसरू दिसला तरी विचारतो, "काय पावणं, कुठं निघालात?" इथं विचारलं तर माणूस दार लावून घेतो. सून जेवण झाकून जायची. संध्याकाळी येऊन झाकण उचलायची आणि म्हणायची, "मामा, आजपण?" भूकच लागत नव्हती. त्याला मी काय करू?

मग आळे गावाला दिलेली पोरगी, सुमन, फोनवर मागं लागली. "आण्णा, माझ्या लग्नाचं शूटिंग पाठवा ना. चांगलं चांगलं ठेवा, पाठवणीपर्यंत. पुढचं कापून टाका." दुकानदारानं कॅसेट पेन ड्राइव्हवर घालून दिली, पण फाईल एवढी जड की फोनवर जाईना. सुट्टीच्या दिवशी सुनेनं ती कॉम्प्युटरवर कन्व्हर्ट करायला घेतली आणि मला शेजारी बसवलं. माउसही हातात दिला. आधी तो बाण उधळलेल्या खोंडासारखा पळायचा. हळूहळू वळणावर आला. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे?

लग्न सुरू झालं. आमच्याच अंगणातला मांडव. कोपऱ्यात गुलाबाचं फूल गरगर फिरायचं आणि त्यातून एकेक पाहुणा बाहेर यायचा. त्या वेळी आम्हाला ते लई भारी वाटलं होतं. मग ही आली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, सगळ्यांना हुकूम सोडत होती. तोंड चाललेलं, हात चाललेले, आणि आवाज भलत्याच बाईचा. शूटिंगवाल्यानं सबंध लग्नावर सिनेमाची गाणी भरली होती. हळदीला गाणं, जेवणाला गाणं. तिचा एक शब्द म्हणून ऐकू येईना.

सुनेला म्हणालो, "ते गाणं तेवढं काढ."

"मामा, ते मिक्स झालंय. दुधात घातलेलं पाणी परत निघतं का?"

"ते आपल्या दूधवाल्याला इचार."

ती हसली. मला काही हसू आलं नाही. गाणं काढायला म्हणून मीच एक बटण दाबलं तर आवाजच सगळा गेला. मुकं लग्न. घरात तिचा दुसरा आवाज कुठंच नव्हता. फोनवर कुणी शूटिंग करायला लागलं की ही पदर तोंडावर घ्यायची. कन्व्हर्ट करून करून मी काय, मुकी बाई घेऊन बसणार होतो.

सुनेनं आवाज परत लावला. पाठवणी झाली. सुमन गाडीत बसली, गाडी गेली, गाणं संपलं. पडद्यावर नुसत्या रिकाम्या खुर्च्या राहिल्या.

"हे शेवटचं वेस्ट आहे मामा. कट करू?" सुनेनं रेघ ओढून जागा धरलीसुद्धा.

"थांब!"

खुर्च्या एकात एक घालत असल्याचा खडखडाट येत होता. टेम्पोवाल्याला कुणी हाक मारत होतं. गाणं भरायचं राहून गेलं होतं तिथं. आणि मग, माणूस दिसत नव्हतं, पण आवाज तिचाच.

"ए शूटिंगवाल्या भाऊ! खुर्च्यांचं किती फोटू काढशील? सकाळधरनं पोटात काय न्हाई तुझ्या. ठेव ते आन् ये, दोन घास खाऊन घे आधी."

पुढं कॅसेट संपली. सुनेनं ओढलेली रेघ पुसून टाकली. मी भिंतीकडं बघत बसलो.

तेवढाच तुकडा वेगळा काढला. सेव्ह करताना कॉम्प्युटरनं नाव मागितलं. सून म्हणाली, "आई लिहू?" मी म्हणालो, "आई तुमची. माझ्यासाठी खुर्च्या लिही."

सुमनला लग्न पाठवलं आणि मागोमाग खुर्च्या. तिचा फोन आला. "आण्णा, ह्यात आई कुठं दिसंना."

"दिसत न्हाई. ऐक."

तिकडनं खुर्च्यांचा खडखडाट ऐकू आला, संपला, पुन्हा सुरू झाला. मी फोन ठेवला नाही.

निमगावातलं घर तिथंच आहे. किसन झाडलोट करतो, मला म्हणतो, येऊन जा. येईन. पण तिथं गेलो तरी चुलीपुढं कोण आहे?

आता दुपारी मी कॉम्प्युटर लावतो. खुर्च्या येतात, खडखडतात, आणि ती ओरडते. मला नाही म्हणत ती, त्या शूटिंगवाल्याला म्हणते. पण घरात दुसरं कुणी नसतं. मग मीच उठतो आणि ताटावरचं झाकण काढतो.